एका तोंडाची सात नावं

देल्फीनाला वळण मीच लावलं, त्यामुळे तिच्या वागण्याची तक्रार करायला मला तोंड नाही. तरी करते. माझी नात घरात असते, पण बसत नाही. दवाखान्यातून आली की स्वयंपाकघरात शिरते, फ्रिज उघडते, आत बघते, बंद करते, खिडकीपाशी जाते, आणि तेवढ्यात फ्रिजमध्ये नवीन काही उगवलं असेल अशा आशेनं परत येऊन उघडते. मी तोर्तिया, म्हणजे मक्याची पोळी, गरम करून देते, लाल मिरचीचा रस्सा वाढते, तर दोन घास खाते आणि मग नखं खायला घेते. दातांची डॉक्टर! लोकांना सांगते, दातांनी बाटलीची झाकणं उघडू नका, आणि स्वतः उंदरासारखी बोटं कुरतडत उभी.

"अगं, झालंय काय?" मी विचारलं.

"काही नाही, आजी."

"काही नाही तर बस."

"तुला नाही कळायचं ते."

आता हे वाक्य मला कोणी म्हणावं? मी पाचवीपर्यंत शिकले हे खरं आहे. पण पुढची चाळीस वर्षं मी नवऱ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसून सगळ्या वालेसितो गावाला खिळे, काटेरी तार आणि कोंबड्यांचं खाद्य विकलं. समोरचा माणूस दारातून आत येतानाच मला कळायचं, हा रोख देणार आहे की माझ्या तब्येतीची चौकशी करणार आहे. एवढं कळणाऱ्या बाईला म्हणे कळायचं नाही. मी भांडी जरा जोरात घासली.

शेवटी कळलं ते रविवारी, चर्चच्या दारात, आणि तेही एलोइसाकडून. एलोइसा माझी कोमाद्रे, म्हणजे माझ्या थोरल्याच्या बाप्तिस्म्याला तिनंच त्याला हातात धरलं होतं. हे नातं बहिणीइतकं जवळचं आणि विहिणीइतकं बोचरं असतं. त्यात तिची मुलगी लुसिंडा देल्फीनाच्या दवाखान्यात खिडकीत बसते, फोन घेते, फॉर्म भरून घेते. म्हणजे दवाखान्यात कोणाचा दात हलला तर तो पडायच्या आधी एलोइसाला माहीत.

"कोमाद्रे," एलोइसा डोक्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाली, "फार वाईट वाटलं गं देल्फीनाचं ऐकून. तुला माहीत असेलच म्हणा."

जगात 'तुला माहीत असेलच' याच्याइतकी दुष्ट चार अक्षरं... चार की किती ती असोत. मी म्हटलं, "माहीत आहे तर! पण तू काय ऐकलंस ते सांग, म्हणजे चूक असेल तर दुरुस्त करते."

आणि तिनं सांगितलं. देल्फीनाच्या शिक्षणाचं जे डोंगराएवढं कर्ज, ते सरकार फेडतंय, कारण तिनं आमच्यासारख्या डॉक्टर टिकत नाहीत अशा गावात तीन वर्षं काम करायचं कबूल केलंय. एक वर्ष झालं. पण अट अशी की डॉक्टरनं आठवड्याचे ठरलेले तास रोग्यांवर काम केलं पाहिजे. नुसतं दवाखान्यात बसून भिंतीकडे बघितलं तर ते तास धरत नाहीत. आणि देल्फीनाची खुर्ची रिकामी. तीन आठवड्यांनी राजधानीतून एक बाई तपासायला येणार. तिनं दवाखाना यादीतून काढला, तर देल्फीनाला उरलेली दोन वर्षं दुसऱ्या कुठल्या तरी गावात भरावी लागणार. नाही भरली तर कर्ज दंडासकट अंगावर.

"नेवाडात की कुठे तरी पाठवतात म्हणे," एलोइसा म्हणाली. "तिथे नुसती वाळू आहे."

मी हसून म्हटलं, "बरोबर ऐकलंस, कोमाद्रे, काही दुरुस्ती नाही." आणि घरी चालत येताना वाऱ्यानं माझी टोपी दोनदा उडवली, ती मी दोनदा पळत जाऊन पकडली, या वयात. एप्रिलचा वारा आमच्याकडे माणसाला सरळ चालू देत नाही, आणि त्या दिवशी मलाही सरळ चालायचं नव्हतंच. नात आठ वर्षं परगावी राहून परत आली, माझ्या शेजारच्या खोलीत झोपते, आणि तिच्या डोक्यावरची टांगती तलवार मला चर्चच्या दारात दुसऱ्या बाईकडून कळावी!

आता खुर्ची रिकामी का, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एका देल्फीनाशिवाय. वालेसितोत दात दुखत नव्हते असं नाही. रविवारी प्रार्थना झाली की माझ्या स्वयंपाकघरात निदान चार माणसं कॉफीच्या निमित्तानं यायची आणि बोलता बोलता देल्फीनासमोर जबडा उघडायची. ती बिचारी टॉर्च घेऊन बघायची आणि म्हणायची, "सोमवारी दवाखान्यात या." सोमवारी कोणी जायचं नाही. दाढ फारच ठणकली तर नव्वद मैल गाडी हाकत शहरात जायचे, जिथे त्यांना कोणी ओळखत नाही, आणि पूर्ण पैसे मोजून काढून यायचे.

कारण दवाखान्याच्या भिंतीवर एक पाटी होती. दोन भाषांत, माझ्या हाताएवढ्या अक्षरांत: 'पैसे देता येत नसतील तरी इथून कोणालाही परत पाठवले जात नाही.' त्या पाटीखाली खिडकी, खिडकीत लुसिंडा, आणि लुसिंडाच्या हातात फॉर्म: घरात माणसं किती, महिन्याचं उत्पन्न किती. जितकं कमी, तितकी फी कमी. सरकारनं चांगल्या मनानं केलं असेल. पण आमच्या गावात आपलं उत्पन्न लुसिंडाला सांगायचं म्हणजे चर्चच्या घंटेला दोरी बांधून वाजवायचं. त्यापेक्षा माणूस दाढदुखीनं मेलेला बरा. निदान इभ्रतीनं पुरला जातो.

मी स्वतः गेले होते का, असं कोणी विचारेल. माझे दात उत्तम आहेत, असं मी सगळ्यांना सांगत होते. देल्फीना एकदा म्हणालीसुद्धा, "आजी, घरात लवंगेच्या तेलाचा वास येतोय." मी म्हटलं, "बिस्किटं केली होती." "कुठायत?" "संपली."

तर त्या रविवारी मी ठरवलं की नातीची खुर्ची मी भरणार. तिला न सांगता. ती सांगत नाही तर मी का सांगू?

सल्ल्यांना तोटा नव्हता. एलोइसा म्हणाली, दवाखान्यात गोड काहीतरी ठेव, लोक येतील. दातांच्या दवाखान्यात गोड! पाद्रीबाबांनी प्रवचनात दोन शब्द बोलावेत असं एकजण म्हणाला. पण पाद्रीबाबांचेच पुढचे दोन दात नाहीत, त्यांच्या तोंडून ते कसं दिसलं असतं? शेवटी मला जे सुचलं ते मीच केलं. झाडांना पाणी घालायला देल्फीनानं दवाखान्याची एक किल्ली माझ्याकडे ठेवली होती. मी गेले, जिरेनियमला पाणी घातलं, आणि खुर्चीवर चढून ती पाटी काढली. चांगली जाड प्लास्टिकची पाटी. टाकून द्यायला जीव होईना. घरी खुराड्याच्या उत्तरेच्या बाजूला फळी निघाली होती, वाऱ्यानं कोंबड्या अंडी घालेनाशा झाल्या होत्या. तिथे ती मापात बसली. चार खिळे मारले. तेही आपल्याच दुकानातले.

पण भिंतीवर पाटीच्या जागी पांढरा चौकोन उरला, आणि तो पाटीपेक्षा जास्त ओरडायला लागला. म्हणून मी ओनोफ्रेकडे गेले. ओनोफ्रे आमच्या पाटाचा पाटकरी. पाण्याच्या पाळ्या तोच ठरवतो, आणि हिवाळ्यात लाकडाचे संत कोरतो. मी म्हटलं, "दातांची संत असते ना, अपोलोनिया, ती हवी. उद्या."

"उद्या?" ओनोफ्रे म्हणाला. "निन्फा, संत म्हणजे काय तोर्तिया आहे का?"

पण त्याच्याकडे एक अर्धा झालेला शेतकरी संत पडला होता. त्यानं त्याची दाढी तासली, बैलांचा आसूड काढून हातात पकड दिली, पकडीत खरा घोड्याचा दात बसवला आणि पदर रंगवून दिला. मी तो पांढऱ्या चौकोनावर टांगला. आता खरं सांगायचं तर दाढी नीट निघाली नव्हती, आणि घोड्याचा दात असा मोठा की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई तो उपटून नुकतीच मोकळी झाली आहे आणि पुढच्याला बोलावतेय. देल्फीनानं सकाळी बघितलं आणि दारातच थबकली.

"आजी, हे काय?"

"आशीर्वाद."

"आणि पाटी?"

"वाऱ्यानं पडली वाटतं." हे अगदीच खोटं नाही, वाऱ्याशी संबंध होताच. घरी फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीय, संध्याकाळी परत जागेवर लावते, असं मी तिला म्हटलं. कुठल्या दिवशी संध्याकाळी, ते म्हटलं नाही.

पाटी गेली तरी लोक आले नाहीत. दोन मुलं आली, ती संत बघून रडत पळाली. तीन आठवड्यांपैकी एक संपला. रात्रंदिवस माझ्या पायाला स्वस्थता नव्हती. देल्फीना स्वयंपाकघरात येरझारा घालायची आणि मी अंगणात, दोघी एकमेकींना काचेतून बघायचो आणि हवेबद्दल बोलायचो.

तेव्हा ओनोफ्रेलाच ती कल्पना सुचली. पाटाच्या सफाईहून परत आला होता, बुटाला चिखल, हातात पाटाची वही. म्हणाला, "निन्फा, पाण्याला लोक येतात की नाही? न चुकता येतात. का? पाळी असते म्हणून. कोणी म्हणत नाही, मला पाणी फुकट मिळतंय. म्हणतो, आज माझी पाळी आहे. दातांचीही पाळी लावू."

"आणि चुकला तर?"

"चुकला तर त्याची पाण्याची पाळी शेवटी जाईल."

"असं करायचा तुला अधिकार आहे?"

"कोणी विचारलं तर बघू."

कोणी विचारलं नाही. ओनोफ्रेनं घरोघर जाऊन सांगितलं: सोमवारी सकाळी बेलार्मिनोचं घर, दहाला विधवा आदेलाइदाचं घर, असं पाटाच्या क्रमानं. उत्पन्नाचा फॉर्म मागाहून भरून घे, अशी मी लुसिंडाला तंबी दिली, ती म्हणाली, "मावशी, माझी नोकरी जाईल." मी म्हटलं, "खुर्ची रिकामी राहिली तर तशीही जाईल." तिनं एक वही केली, पाटाच्या वहीसारखीच. घराचं नाव, वेळ, आणि पुढे खूण.

आणि सोमवारपासून खुर्ची भरली! देल्फीना घरी आली की फ्रिजपुढून एकदाच जायला लागली. मला वाटलं, मी जिंकले. तिला विचारलं, "गर्दी आहे वाटतं?" तर म्हणाली, "हो, आणि आजी, त्रांकिलिनो किती मनावर घेतोय! चौथ्यांदा आला."

माझ्या हातातला चमचा थांबला. त्रांकिलिनो म्हणजे बेलार्मिनोचा गडी. पन्नाशीचा, शांत, आयुष्यात कधी डॉक्टरकडे न गेलेला.

आता आमच्याकडची रीत अशी आहे. वसंतात पाट साफ करायचा तर प्रत्येक घरानं एक दिवसाचं काम द्यायचं. पण घरच्या माणसानंच फावडं धरलं पाहिजे असं नाही. बदलीचा माणूस पाठवता येतो. वहीत नाव घराचं लागतं. गडी कोणाचाही असो, गाळ निघाल्याशी मतलब. शंभर वर्षं हे असंच चाललंय, आणि पाळी म्हटल्यावर लोकांनी तेच केलं. बेलार्मिनोला खुर्चीत बसायचं नव्हतं, त्यानं त्रांकिलिनोला पाठवलं. आदेलाइदानं त्रांकिलिनोला एक भाकर आणि तंबाखूचं पाकीट दिलं आणि आपली पाळी त्याच्या गळ्यात घातली. बघता बघता सात घरं झाली. बाकीच्यांनीही आपापले भाचे, जावई, रस्त्यात सापडलेले पाहुणे पाठवले. ओनोफ्रेनं तर आपल्या पाळीला आपल्या मेव्हण्याला पाठवलं, ज्याला कवळी आहे. त्यानं ती काढून खुर्चीत ठेवली आणि स्वतः बाहेर विडी ओढत बसला.

मी ओनोफ्रेला गाठलं. "हे काय चाललंय?"

"काय चाललंय म्हणजे? सगळ्या खुणा लागल्यात. एक घर चुकलं नाही."

"अरे, दात त्यांचेच नकोत का?"

त्यानं पाटाची वही मिटली. "निन्फा, हे तू आधी सांगायला हवं होतंस."

देल्फीनाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती आपल्या कॉम्प्युटरमध्ये ज्याचं तोंड उघडलं त्याचं नाव लिहीत होती, त्रांकिलिनो तर त्रांकिलिनो. त्याच्या तोंडात चाळीस वर्षांचं काम साठलं होतं, त्यामुळे ते संपतही नव्हतं. दोन आठवड्यांत तो गावातला सगळ्यात देखणा पुरुष झाला. पोस्टातली बाई टपाल नसतानाही त्याची वाट बघायला लागली. पण लुसिंडाच्या वहीत तो बेलार्मिनो होता, आदेलाइदा होता, आणखी पाच जण होता. मी लुसिंडाला म्हटलं, वही फाडून टाक. ती म्हणाली, "मावशी, राजधानीच्या बाईंनी कालच फोनवर विचारलं, नोंदवही आहे का. मी हो म्हणाले."

"हो का म्हणालीस?"

"होती म्हणून."

ती बाई बुधवारी आली. हॅलोरन नावाची, उंच, राखाडी कोट, हातात फाइल. आमची भाषा पुस्तकातून शिकलेली. बोलली की वाटायचं सरकारी पत्र वाचून दाखवतेय. त्या दिवशी दवाखाना खच्चून भरलेला, कारण तपासणी बघायला सगळं गाव आलं होतं. एलोइसा पहिल्या रांगेत, नाटकाला बसावी तशी. मी जिरेनियमजवळ. देल्फीना दाराशी उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

हॅलोरनबाईंनी एका हातात लुसिंडाची वही घेतली, दुसऱ्या हातात देल्फीनाच्या कॉम्प्युटरमधून काढलेला कागद. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. मग म्हणाल्या, "वहीत एकतीस रुग्ण आहेत. डॉक्टरांच्या नोंदींमध्ये नऊ आहेत. मला काही रुग्णांशी बोलावयाचे आहे. श्रीयुत बेलार्मिनो उपस्थित आहेत काय?"

बेलार्मिनो तिथेच बसला होता. पण त्याच्याआधी त्रांकिलिनो उभा राहिला. सवयच झाली होती बिचाऱ्याला.

"आपण बेलार्मिनो?"

"पाळी त्यांची," त्रांकिलिनो म्हणाला.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. "श्रीमती आदेलाइदा उपस्थित आहेत काय?"

त्रांकिलिनो नुकताच बसला होता. परत उठला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाईंचा चेहरा हलला नाही, पण पेन हवेतच राहिलं.

"मला समजावून सांगा," त्या म्हणाल्या. "दात कोणाचे तपासले गेले?"

"माझे," त्रांकिलिनो म्हणाला, आणि पुरावा म्हणून हसला. खरंच सुंदर काम झालं होतं.

"आणि नावे?"

"ती ज्याची त्याची."

देल्फीना पांढरीफटक पडली. हॅलोरनबाईंनी फाइल मिटली. "डॉक्टर, वहीतल्या नावांनी रुग्णसंख्या फुगवली गेली आहे असे दिसते. हे हेतुपुरस्सर असेल तर प्रश्न केवळ दवाखान्याचा राहत नाही. तुमचा करारही रद्द होऊ शकतो." मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "आणि फीबद्दलची पाटी कुठे आहे? ती असणे बंधनकारक आहे. हे... हे गृहस्थ कोण आहेत?"

"ती संत अपोलोनिया आहे," ओनोफ्रे दुखावून म्हणाला.

"पाटी?" बाईंनी परत विचारलं.

देल्फीनानं माझ्याकडे बघितलं. तिला इतका वेळ वाटत होतं, पाटी माझ्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. मी म्हटलं, "पाटी आहे. सुरक्षित आहे. दाखवते." आणि मग हॅलोरनबाई, देल्फीना, लुसिंडा, एलोइसा आणि अर्धं गाव वाऱ्यातून माझ्या अंगणात आलं. बाईंनी खुराड्याभोवती एक चक्कर मारली आणि उत्तरेच्या बाजूला उभं राहून मोठ्यानं वाचलं: "पैसे देता येत नसतील तरी इथून कोणालाही परत पाठवले जात नाही." आतून एक कोंबडी बाहेर डोकावली, बाईंकडे बघितलं आणि परत आत गेली.

कोणी हसलं नाही. एलोइसासुद्धा नाही, आणि तिला किती कष्ट पडत होते ते मला दिसत होतं.

"पाटी कोणी काढली?" बाईंनी विचारलं.

देल्फीना पुढे झाली. "दवाखाना माझ्या जबाबदारीत आहे. माझी चूक."

बघा! माझ्यासाठी खोटं बोलायला तयार, पण खरं बोलायला नाही. मी तिला हातानं मागे सारलं. "तिचं काही नाही. पाटी मी काढली. पाळ्या मी लावल्या. नातीला यातलं काही ठाऊक नाही, ती फक्त दात बघते."

"नेमके का केलेत?"

उत्तर मला माहीत होतं, आणि ते सांगितलं तर या अंगणात, या लोकांपुढे, माझं काय उरणार तेही माहीत होतं. नवरा गेला आणि दुकान बंद झालं, तेव्हापासून मी गावाला समजू दिलंय की शहरातल्या बँकेत आमचं ठेवलेलं आहे. रविवारी मेणबत्ती लावते ती मोठीच लावते. बँकेत काय आहे ते बँकेला आणि मला माहीत. नाताळापासून माझी डावी दाढ अशी ठणकत होती की मी उजव्या बाजूनंच खात होते आणि लवंगेच्या तेलाच्या तीन बाटल्या संपवल्या होत्या. नात दातांची डॉक्टर, शेजारच्या खोलीत, आणि मी तिच्या खुर्चीत बसले नाही. नात म्हणून फुकट बघितलं असतं तर तिच्या नोंदीत खोट. रीतसर गेले असते तर लुसिंडाचा फॉर्म.

मी म्हटलं, "बाई, या गावात कोणी भिकारी नाही. तुमचा तो फॉर्म खिडकीत भरायचा असतो, सगळ्यांदेखत, आणि खिडकीत बसलेली मुलगी आमच्याच एलोइसाची. म्हणून कोणी येत नाही. म्हणून मीही गेले नाही."

"तुम्हाला त्रास होतोय का?" बाईंनी विचारलं, आणि पहिल्यांदाच पुस्तकातून बोलल्या नाहीत.

"आजी?" देल्फीना म्हणाली. "कुठली दाढ?"

मी लुसिंडाकडे वळले. "लुसिंडा, फॉर्म आहे जवळ?"

"आहे, मावशी. पण इथे..."

"इथेच. माझं अक्षर लागत नाही, मी सांगते, तू लिही. घरात माणसं दोन. एक कमावती, तिचं तिला विचार, पुढे उभी आहे. दुसरी मी."

"उत्पन्न, मावशी?" लुसिंडानं हळूच विचारलं. मुलगी वाईट नाही.

मी आकडा सांगितला. मोठ्यानं सांगितला, कारण हळू सांगितला असता तर एलोइसानं परत विचारला असता. तो इथे लिहीत नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी ऐकला.

मग एलोइसा पुढे आली. रुमाल सारखा केला. "कोमाद्रे, तुला फार आहे की गं," ती म्हणाली. "माझा त्याहून अकरा डॉलर कमी."

"तुझा?" आदेलाइदा मागून म्हणाली. "मुलगी नोकरीला, आणि कमी? माझा तर दोघींपेक्षा कमी आहे!"

"बायांनो, माझ्या तीन गायी मेल्या या हिवाळ्यात," ओनोफ्रे म्हणाला. "माझं लिही, लुसिंडा, माझं आधी लिही!"

आणि मग जे सुरू झालं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. जी माणसं मरेपर्यंत तोंड उघडणार नव्हती ती एकमेकांना ढकलून आपली गरिबी पुढे करायला लागली. आदेलाइदा आणि ओनोफ्रे, कोण जास्त कफल्लक यावर हमरीतुमरीवर आले. बेलार्मिनोकडे नव्वद गायी, त्यानंही रांगेत घुसायचा प्रयत्न केला. सगळ्यांनी हाकलून दिलं, तर रुसला. त्रांकिलिनोला विचारलं तर म्हणाला, "माझं काय ते मालकांना विचारा," त्यावर सगळ्यांनी बेलार्मिनोकडे असं बघितलं की त्याच महिन्यात त्रांकिलिनोचा पगार वाढला. लुसिंडा खुराड्यावर कागद ठेवून लिहीत होती आणि खालून कोंबड्या तिच्या बुटाला टोचत होत्या.

हॅलोरनबाई माझ्याशेजारी उभ्या राहून बघत होत्या. मग म्हणाल्या, "फॉर्म भरण्याकरिता दार असलेली खोली ठेवता येते. नियमात तशी तरतूद आहे."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"कोणी विचारले नाही."

त्यांनी यादीतून नाव काढलं नाही. साठ दिवस दिले: पाटी जागेवर, फॉर्म बंद दाराआड, वहीत ज्याचं तोंड त्याचंच नाव, आणि साठाव्या दिवशी खुर्चीचे तास मोजायला त्या परत येणार. करार तोवर शाबूत. जाताना मी त्यांना डझनभर अंडी देऊ केली. त्या म्हणाल्या, घेता येत नाहीत, लाच ठरेल. मी म्हटलं, वाटेत खा, पुरावा उरणार नाही. पण घेतली नाहीत. त्यांचंही काहीतरी असतंच की सांभाळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं नाव माझं होतं. देल्फीनानं मला खुर्चीत आडवं केलं, दिवा डोळ्यांवर ओढला, सुई टोचली, आणि माझा अर्धा चेहरा गेला कुठल्या कुठे. मला बोलता येत नाही हे बघून तिनं तोंड सोडलं. पाटी काय, पाळ्या काय, घोड्याचा दात काय, त्रांकिलिनो काय. माझा परवाना गेला असता, कर्ज गळ्यात पडलं असतं, मी नेवाडात वाळू खात बसले असते. चार महिने दाढ सडत होती आणि तू बिस्किटांच्या गोष्टी सांगत होतीस, मी कोण परकी आहे का? आणि एवढं बोलत असताना तिचा हात मात्र एकदाही हलला नाही. दाढ कधी निघाली ते मला कळलंच नाही. बशीत टक्कन पडली तेव्हा समजलं.

मी तोंडात कापूस धरून तासभर बाहेरच्या बाकावर बसले. रांग दारापर्यंत होती, ज्याची पाळी तोच आलेला. ओठ हळूहळू जागा झाला. मी उठले, आत गेले, ती हात धूत होती. मी कापूस काढला आणि म्हटलं:

"तू वर्षभर भिंतीवर लिहून ठेवलंस, 'आम्ही तुम्हाला मदत करतो,' आणि रिकामी खुर्ची पुसत बसलीस. 'मला मदत करा' एवढं एकदा चर्चच्या दारात बोलली असतीस ना, तर सगळा गाव न दुखणारे दात घेऊन आला असता. दात काढण्यात पास आहेस, देल्फीना. मागण्यात नापास. आणि त्याची शिकवणी तुला या घरात मिळायची नाही, कारण त्याच वर्गात तुझ्या शेजारच्या बाकावर मी बसलेय."